आधी रूळ, मग वेग

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान वक्ते येतात. मी डिप्लोमा केलेला, रुळाच्या कामावरचा माणूस. अध्यात्मावर किंवा साहित्यावर मी बोलू नये, हेच बरे. परंतु "तुम्ही पहाटे धावताना दिसता, त्यावरच चार शब्द बोला," असा कार्यकारिणीचा आग्रह झाला आणि मला नाही म्हणवेना.

आम्ही चार सहकारी येत्या हिवाळ्यात २१ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनची तयारी करीत आहोत. चौघेही चाळिशी ओलांडलेले. तयारीला लागतानाच आम्ही ठरवले, की धावण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम करायचे. तेव्हापासून घरी, ऑफिसात आणि कॉलनीत एकच प्रश्न कानावर येतो : "अहो, धावायचंय ना? मग वजनं कशाला उचलता? पैलवान व्हायचंय का?" प्रश्न रास्त आहे. आजचे माझे बोलणे म्हणजे त्याचेच उत्तर समजा.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, की एखाद्या सेक्शनमध्ये गाडीचा वेग वाढवायचा झाला, तर नुसते ताकदवान इंजिन आणून भागत नाही. आधी रूळ पाहावा लागतो. ५२ किलोच्या जागी ६० किलोचा रूळ टाकतात, म्हणजे एका मीटरला ६० किलो वजन. त्याखाली काँक्रीटचे स्लीपर, स्लीपरखाली गिट्टीचा थर, आणि गिट्टीखाली पक्का भराव. हे सगळे भार पेलण्याच्या लायक झाले, की मगच वेगाची परवानगी मिळते. इंजिन दमदार आणि रूळ कच्चा असेल, तर काय होते ते मी सांगायला नको.

शरीराचेही असेच आहे. हृदय आणि फुप्फुसे हे आपले इंजिन. रोज धावल्याने ते सुधारते, आणि बऱ्यापैकी लवकर सुधारते. दीड-दोन महिन्यांत दम वाढल्याचे स्वतःलाच जाणवते. पण स्नायू, त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे आणि खुद्द हाडे हा आपला रूळ. त्यांची मजबुती सावकाश येते. कंडरे तर स्नायूंपेक्षाही हळू तयार होतात. म्हणून नव्याने धावणाऱ्याचा दम पुढे जातो आणि गुडघा, पोटरी, टाच मागे राहतात. दुखणी सुरू होतात ती इथे.

थोडा हिशेब करू. धावताना प्रत्येक पाऊल जमिनीवर पडते तेव्हा शरीराच्या वजनाच्या साधारण दुप्पट ते तिप्पट भार पायावर येतो. माझे वजन ७० किलो धरले, तर दर पावलाला १४० ते २१० किलो. २१ किलोमीटरमध्ये अशी सुमारे २० हजार पावले पडतात. म्हणजे एकेका पायावर १० हजार वेळा हा भार. रुळावरून जाणाऱ्या मालगाडीच्या चाकांसारखाच हा प्रकार आहे. एका चाकाने रूळ तुटत नाही. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने आत बारीक चीर जाते, आणि ती वेळेवर सापडली नाही तर एक दिवस रूळ दगा देतो.

आता कोणी म्हणेल, ही झाली तुमची रेल्वेची उपमा, पुरावा काय? पुरावाही आहे. २००८ साली नॉर्वेतील संशोधकांनी चांगला सराव असलेल्या १७ धावपटूंवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतील काहींनी ८ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, खांद्यावर जड वजन घेऊन अर्ध्या बैठका काढल्या. एका वेळी फक्त चार, अशा चार फेऱ्या. त्यांचे शरीराचे वजन वाढले नाही, पण त्याच वेगाने धावायला लागणारा प्राणवायू सुमारे ५ टक्क्यांनी कमी झाला. आपल्या भाषेत सांगायचे तर तेवढ्याच डिझेलमध्ये गाडी जास्त पळू लागली. "वजनं उचलली की माणूस जड होतो" या शंकेचेही उत्तर यात आले. पुढे २०१४ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी २५ प्रयोग आणि २६ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ताकदीच्या व्यायामाने खेळातील दुखापती एक-तृतीयांशाच्याही खाली आल्या, आणि अतिवापराने होणारी दुखणी जवळपास निम्मी झाली. नुसत्या ताणाच्या व्यायामाने मात्र तसा फरक दिसला नाही.

पण यासाठी नॉर्वे-डेन्मार्कला जाण्याची गरजच काय? ही विद्या आपल्या घरची आहे. तालमीत जोर-बैठका काढणारा आपला पैलवान पहाटे धावायलाही जात असे. ताकद आणि दम यांच्यात त्याने कधी भिंत घातली नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. आपल्या शेजारच्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, आणि १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने थेट बर्लिनमध्ये आपले देशी खेळ करून दाखवले. आपल्यापैकी अनेकांची घराणी विदर्भातून इकडे आली. येताना आपण गणपती आणला, नाटक आणले, पुरणपोळी आणली. तालीम मात्र वाटेत कुठेतरी राहून गेली, असे मला वाटते.

आणि गंमत पाहा. आपण जी विद्या विसरलो, ती छत्तीसगडच्याच मुलांनी उचलली. नारायणपूरला अबूझमाडच्या आदिवासी मुलामुलींची मल्लखांब अकादमी आहे. २०२३ साली त्या मुलांनी 'इंडियाज गॉट टॅलेंट' ही टीव्हीवरची स्पर्धा जिंकली, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. त्याच नारायणपूरला अबूझमाड पीस हाफ मॅरेथॉनही भरते. मल्लखांब आणि २१ किलोमीटरची धाव एकाच गावात नांदतात, याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही.

आमच्या रेल्वेचा अभिमान वाटावा असे आणखी एक नाव सांगतो : ललिता बाबर. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यातली ही मुलगी रेल्वेकडून धावली. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय महिलांत दुसरी आली. त्याच वर्षी तिने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई विजेतेपद मिळवले. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली आणि ती दहावी आली. स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची शर्यत. साडेसात फेऱ्यांत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. मॅरेथॉनचा दम आणि उडीची ताकद एकाच शरीरात नांदू शकतात, हे तिने साऱ्या देशाला दाखवून दिले.

असो. आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू, कारण सुरुवात कशी करावी हेच बहुतेकांना हवे असते.

आमची आखणी १६ आठवड्यांची आहे. धावणे आठवड्यातून चार दिवस, ताकद दोन दिवस, एक दिवस पूर्ण विश्रांती. ताकदीच्या दोन दिवसांत किमान दोन दिवसांचे अंतर, आणि रविवारच्या लांब धावेच्या आदल्या दिवशी पायांचा व्यायाम नाही. व्यायाम मोजून सहा : बैठका, एका पायाने पायरी चढणे, टाचा उचलणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, जोर, आणि कोपरांवर शरीर सरळ तोलून धरणे. पाऊण तासात सगळे आटोपते.

पहिले चार आठवडे फक्त स्वतःच्या वजनाने, प्रत्येकी १० ते १२ च्या दोन फेऱ्या. त्यानंतर वजन हाती घ्यायचे. जिमची फी परवडत नसेल तर अडून बसू नका. पाण्याचा ५ लिटरचा कॅन म्हणजे ५ किलो, २० लिटरचा जार म्हणजे २० किलो. मुलांच्या जुन्या दप्तरात वाळूच्या पिशव्या भरल्या तरी काम होते. वजन वाढले की संख्या कमी करायची, ६ ते ८ च्या तीन फेऱ्या, आणि मध्ये दोन मिनिटे दम खायचा. शेवटची दोन जड वाटली पाहिजेत, पण अंग वाकडे होता कामा नये. शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत हे सगळे कमी करीत न्यायचे आणि शेवटच्या आठवड्यात वजनाला हात लावायचा नाही.

घाई मात्र करू नका. गिट्टीची खोल सफाई केल्यावर आपण त्या रुळावरून लगेच पूर्ण वेगाने गाडी सोडतो का? आधी २० चा वेग, मग टप्प्याटप्प्याने वाढ, आणि रूळ बसल्याची खात्री झाली की कॉशन उठते. शरीरालाही अशी कॉशन ऑर्डर हवी. आमच्यापैकी प्रत्येकाच्या मांड्या पहिल्या आठवड्यात जिना उतरताना बोलू लागल्या. असे दुखणे दोन-तीन दिवसांत जाते. सांध्यात टोचणारी किंवा दिवसेंदिवस वाढणारी कळ मात्र वेगळी. तिथे थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर सुरुवातीलाच विचारून घ्यावे. वजन उचलताना श्वास कोंडू नये, उचलताना सोडावा.

आहाराचा एक मुद्दा. व्यायामाने स्नायूंना काम मिळते, पण ते बांधायला प्रथिने लागतात. आपले ताट भाताने भरलेले असते आणि वरण चवीपुरते. ते उलटे करा. वरण घट्ट, रोज एक उसळ, दही, भिजवलेले चणे. खाणाऱ्यांनी अंडी, मासे घ्यावेत. महागड्या डब्यांची गरज नाही.

रायपूरचे ऊनही लक्षात घ्या. मे महिन्यात सकाळी सातलाच चटके बसतात आणि श्रावणात रस्ते पाण्याखाली असतात. धावणे अशा दिवसांत चुकते. घरातल्या बैठकांना मात्र ऊन नाही की पाऊस नाही.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगतो. शर्यत हे निमित्त आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत माणसाचे स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात आणि साठीनंतर ही घट वाढते. आम्ही रेल्वेवाले साठाव्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे नेमके तेव्हा. आयुष्यभर बारा-बारा तास उभे राहून रूळ सांभाळलेली माणसे पेन्शन सुरू होताच जिन्याचा कठडा शोधू लागतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना चालण्या-धावण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम सांगते. त्यात शर्यतीची अट नाही, आणि स्त्री-पुरुष असा भेदही नाही. उलट, हाडे ठिसूळ होण्याचा धोका भगिनींना अधिक, म्हणून त्यांनी हे आधी करावे.

परीक्षा घ्यायची तर मशीन नको. उद्याच्या महाप्रसादाच्या पंगतीत मांडी घालून बसा आणि हात न टेकता उठून पाहा. जमले तर उत्तम. नाही जमले, तर पुढच्या गणेशोत्सवापर्यंत जमवायचे, एवढा संकल्प बाप्पासमोर करूया. मंडळाच्या हॉलमध्ये सकाळची एक तासाची वेळ मिळाली, तर आम्ही चौघे आठवड्यातून दोन दिवस यायला तयार आहोत. पाण्याचे जार आम्ही आणू, आपण फक्त या.



गणपती बाप्पा मोरया!