पाकिटावरचा हुकूम

फौजेतून निवृत्त झालो आणि महूलाच राहिलो. घरात शेरू नावाचा लॅब्राडोर आणि मनी मांजर. एका पावसाळ्यात शेरूच्या कानात गोचीड दिसले. दुकानातून पर्मेथ्रिनची ट्यूब आणली, त्याच्या मानेवर लावली आणि उरलेले थेंब मनीला लावले. काही तासांत ती थरथरू लागली, मग झटके आले. डॉक्टरांनी वाचवली, पण चूक माझीच. पाकिटावर ‘मांजरांना लावू नये’ असं छापलं होतं, मी वाचलंच नव्हतं. कुत्र्याचं शरीर हे औषध निकामी करतं. मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही.

म्हणून औषधच सोडायचं का? नाही. गोचिडांमुळे एर्लिकिया, बबेसियासारखे आजार होतात, कुत्री दगावतात. आता मी डॉक्टरांना विचारून फिप्रोनिल वापरतो. त्यात पर्मेथ्रिन मिसळलेलं नाही ना, तेही पाहतो. शेरूचं वजन करूनच ट्यूब घेतो. दोन खांद्यांच्या मधे, जिथे त्याची जीभ पोहोचत नाही, तिथे केस बाजूला सारून थेट कातडीवर लावतो. औषध कातडीच्या तेलातून पसरतं, म्हणून आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नाही. गोचीड मरायला दोनेक दिवस लागतात. घाईने दुसरी ट्यूब लावू नका. लहान पिल्लू, आजारी किंवा गाभण कुत्री असेल तर आधी डॉक्टर.

फौजेत लेखी हुकूम पूर्ण वाचल्याशिवाय मी कधी हललो नाही. घरात मात्र विसरलो. तुम्ही विसरू नका. जय हिंद.