हातातील यंत्र आणि आपली जबाबदारी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात छत्रपती संभाजीनगर येथे केलेले भाषण)



मी विद्वान नव्हे. मॅट्रिक झालो, पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम केला आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांना बाराखडी शिकविण्यात आयुष्य वेचले. संगणकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. परंतु आज प्रत्येकाच्या हातात असलेले भ्रमणध्वनी यंत्र कसे वागवावे, हा प्रश्न शास्त्राचा कमी आणि शिक्षणाचा अधिक आहे. म्हणून चिटणीसांची आज्ञा मान्य केली.

आरंभी एक दुःखद स्मरण करणे भाग आहे. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या काळी व्हॉट्सअॅपवरून गावोगाव पसरल्या होत्या. जमावाने त्या पाचजणांना चोर ठरविले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारून टाकले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी एक तर कराचीतील बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. तिचा शेवट कापून ती खऱ्या चोरीची म्हणून पसरविण्यात आली. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा घातली. पण गेलेले पाच जीव परत आले नाहीत.

तेव्हा मी सेवेत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाने विचारले, “गुरुजी, ते खरेच चोर होते का?” मी म्हणालो, “नाही.” त्यावर तो म्हणाला, “मग आमच्या मोबाइलवर तसे का आले होते?” त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ‘आले होते’ असे आपण म्हणतो. परंतु ते आपोआप येत नाही. कोणीतरी ते धाडलेले असते, आणि तो कोणीतरी बहुधा आपल्यासारखाच भला माणूस असतो.

आपल्या शहरास मलिक अंबराच्या नहरीची परंपरा आहे. सतराव्या शतकात डोंगराकडील पाणी जमिनीखालून शहरात खेळविले गेले. अशा नहरीच्या मुखाशी एकाने घाण केली, तर तिची बाधा शेवटच्या मोहल्ल्यातील तान्ह्या बाळालाही व्हावयाची. आपल्या हातातील यंत्राचेही तसेच आहे. आपण एक बोट टेकवितो. पाणी कोठवर गेले, ते आपणास दिसत नाही.

आता दुसऱ्याचे नव्हे, माझे स्वतःचे चुकलेले सांगतो. संबंधित कुटुंबाची अनुमती घेऊनच सांगत आहे. तीन वर्षांपूर्वी आपल्या स्मरणिकेत वधूवरांची सूची छापली होती. स्थळे लवकर जुळावीत, या सदिच्छेने मी त्या पानांची छायाचित्रे दोन व्हॉट्सअॅप समूहांवर टाकली. मुलींची छायाचित्रे, जन्मतारखा, दूरध्वनी क्रमांक, सारे काही. आठ दिवसांत एका मुलीला अपरात्री अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. तिला क्रमांक बदलावा लागला. नोकरीच्या अर्जांवर जुनाच क्रमांक होता. मुलाखतीचे बोलावणे त्यावर गेले आणि ती संधी हुकली. तिचे वडील माझे जुने स्नेही. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “गुरुजी, आमच्या घराची किल्ली तुम्ही चौकात टांगलीत.” मी माझ्या यंत्रातील पाने पुसली, परंतु इतरांच्या यंत्रांतील कशी पुसणार?

हा दोष माझा होताच. पण मंडळ म्हणून आपलाही होता. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती ही ठेव आहे, हे आपण कोणी कोणास शिकविलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे मान्य केले. 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, अशी त्याची दिशा आहे. कायद्याचा बडगा येईपर्यंत आपण थांबावे काय? पंक्तीत आग्रह करतानाही आपण समोरच्यास विचारतो. मग त्याची माहिती वाटताना का विचारू नये?

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली मंडळास: यापुढे वधूवर सूचीत लेखी संमतीवाचून नाव नसावे, संपर्कासाठी मंडळाचाच क्रमांक असावा, गुणगौरवातील मुलांची छायाचित्रे पालकांना विचारून छापावीत.

दुसरी आपणा सर्वांस: जो मजकूर वाचून राग वा भय दाटून येईल, तो रात्रभर राहू द्यावा. सकाळी कोणी, कोठे, केव्हा हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर न मिळाल्यास पुढे धाडू नये.

तिसरी तरुणांस: घरातील वृद्धांचे गुरू व्हा. ‘डिजिटल अटक’ नावाची अटक कोणत्याही कायद्यात नाही, हे आजीआजोबांना समजावा. बँकेचा गुप्त संकेतांक कोणासही सांगावयाचा नसतो आणि फसवणूक होताच 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावयाचे असते, हे त्यांच्याकडून म्हणवून घ्या. मात्र शिकविताना हसू नका. माझ्या नातवाने मला चार वेळा तेच शिकविले आणि तो एकदाही हसला नाही. म्हणून मी शिकलो.

सामूहिक निश्चयाने काय साधते, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली घालून दिले. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजे. दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासास बसत. एक गाव जे ठरवू शकते, ते आपले मंडळ का ठरवू शकणार नाही?

ती मुलगी आज नोकरीस आहे, हे सांगताना आनंद वाटतो. यंदाच्या सूचीसाठी तिच्या धाकट्या बहिणीचे नाव देण्यास तिचे वडील आले होते. त्यांनी अर्ज माझ्या हाती दिला आणि क्षणभर हात मागे घेतला नाही, नुसते माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरणार नाही. आपणही ती ध्यानात ठेवावी, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.