हप्त्याच्या नावाने टाकलेला गळ



बियाण्याची पिशवी घेताना आपण काय पाहता? वर कणसाचं झकास चित्र छापलंय, एवढ्यावर कोणी पैसे मोजत नाही. प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग आहे का, लॉट नंबर आहे का, मुदत कधी संपते, हे पाहून मगच पिशवी उचलता आणि पावती मागता. आज मी मोबाईलवर येणाऱ्या खोट्या निरोपांविषयी बोलणार आहे. तिथेही नजर हीच ठेवायची आहे.

या फसवणुकीला फिशिंग म्हणतात. मासा धरायला गळ टाकावा तसा हा प्रकार, आणि आमिष म्हणून लावलेल्या असतात आपल्याच योजना. पी. एम. किसानचे वर्षाला 6000 रुपये, 2000 च्या तीन हप्त्यांत खात्यावर येतात. हप्ता लांबला की घरोघर चौकशी सुरू होते. नेमकी त्याच वेळी व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, 'पी. एम. किसान नवीन यादी'. नावाच्या शेवटी अक्षरे असतात डॉट एपीके. बंधूंनो, ही यादी नव्हे. मोबाईलमध्ये बसणारे ते एक ॲप आहे. ते मेसेज वाचण्याची परवानगी मागते, आपण घाईत होकार देतो. मग बँकेचा ओटीपी थेट चोराच्या हाती जातो. "मी तर ओटीपी कोणालाच सांगितला नाही, मग पैसे गेले कसे?" असे विचारणारा माणूस खोटे बोलत नसतो.

यातली वाईट गोष्ट अशी की, एकाचा मोबाईल चोराच्या ताब्यात गेला की तीच फाइल त्याच्या नावाने गावच्या ग्रुपवर जाते. पाठवणारा आपला चुलता असो की सरपंच, डॉट एपीके दिसले की हात लावू नका. त्यांना फोन करून विचारा. बहुधा त्यांना पत्ताच नसतो.

ई-केवायसी मात्र खरोखर करावी लागते. ती पी. एम. किसानच्या सरकारी संकेतस्थळावर करा, नाहीतर सामाईक सुविधा केंद्रात जाऊन अंगठा द्या. संकेतस्थळाचे नाव शेपटाकडून वाचायची सवय लावा. नाव संपून पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी डॉट जीओव्ही डॉट इन असावे. पुढे 'पीएम किसान' लिहिलेय, वर तिरंग्याचे चित्र आहे, याला काही अर्थ नाही. ते पिशवीवरचे कणीस झाले!

सौर पंपाचेही तसेच. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा 5 टक्के. तो महावितरणच्या संकेतस्थळावरूनच भरायचा. फोनवरच्या कोणा 'साहेबा'च्या खात्यात नव्हे. "अनुदान जमा करतो, तेवढा पिन टाका," असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्या. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही.

एवढे करूनही पैसे गेले तर? आपला माणूस काय करतो, तर रात्रभर कोणाला सांगत नाही. सकाळी करमाडहून एस. टी. धरतो, जालना रोडने क्रांती चौकात उतरतो आणि पोलीस ठाणे विचारत फिरतो. मोर्चासाठी हा चौक आपल्याला ठाऊक आहे, पण या कामाला आधी तिथे धावू नका. तोवर पैसे या खात्यातून त्या खात्यात गेलेले असतात. लाज बाळगू नका, शिकलेली माणसेही यात फसतात. बसल्या जागेवरून, शक्यतो दुसऱ्याच्या फोनवरून, 1930 हा क्रमांक लावा. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक सांगा. पैसे पुढच्या खात्यात शिल्लक असतील तर ते रोखून धरता येतात. आपल्या मोबाईलचे इंटरनेट बंद करा. बँकेचा नंबर पासबुकावरचा किंवा कार्डाच्या पाठीमागचा घ्या. गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबरही पेरलेले असतात.

बँकेला लगेच कळवण्याला आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट सांगितले की, ग्राहकाच्या हातून चूक झालेली असली तरी त्याने कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचे. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक वहीत टिपून ठेवा.

लेखी तक्रारीसाठी शहर गाठायलाच हवे असे नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीचे कारण सांगून अशा गुन्ह्याची फिर्याद नाकारता येत नाही. जवळच्या ठाण्यात पासबुक, आधार आणि आलेल्या मेसेजचे फोटो घेऊन जा. मोबाईल मात्र त्यांनी पाहिल्याशिवाय पुसून साफ करू नका. त्यातली ती फाइल हाच पुरावा आहे.