हवाईयन गिटारचा श्रीगणेशा



कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव वाचून आपल्यापैकी कित्येकांनी बोनस, ग्रॅच्युइटी किंवा कंत्राटी कामगार असा विषय अपेक्षिला असेल. तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. आज मात्र एका वाद्याविषयी बोलणार आहे. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी दांडी तारांवरून सरकवत वाजवतात ती गिटार. आपल्याकडे तिला हवाईयन गिटार म्हणतात. मी संगीतज्ञ नव्हे. माझी शाळा सातवीनंतर सुटली. पुढचे शिक्षण ग्रंथालयात, कारखान्यात आणि माणसांत झाले. तेव्हा नवशिक्याने सुरुवात कशी करावी, एवढेच सांगण्याचा माझा अधिकार आहे.

कामगार संघटनेच्या माणसाला ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १८९० साली मालकांना ती मान्य करावी लागली. सुट्टी मिळवणे हे निम्मे काम झाले. मिळालेला वेळ माणसाने स्वतःच्या आनंदासाठी वापरणे हे उरलेले निम्मे. पस्तीस वर्षे यंत्रापुढे उभे राहून निवृत्त झालेला माणूस सकाळी डबा भरायचा नाही म्हणून गोंधळून दारात बसलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. त्याला कोणी सांगत नाही की, बाबा, तुझे शिकायचे वय अजून संपलेले नाही.

हे वाद्यही कष्टकऱ्यांच्याच मुलखातून आले आहे. हवाई बेटांवर गिटार पोहोचली ती मेक्सिकोकडून आलेल्या गुराख्यांबरोबर, असे मानतात. ओआहू बेटावर १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकुकू याला पोलादी दांडीने वाजवण्याच्या शोधाचे श्रेय सामान्यतः दिले जाते. तेव्हा तो शाळकरी मुलगा होता. १८९३ साली त्या बेटांची राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले आणि १८९८ साली अमेरिकेने बेटे आपल्या राज्यात सामील केली. राज्य गेले, पण गाणे जगभर गेले. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हे वादन ऐकून अमेरिका वेडी झाली. पुढे १९३० नंतरच्या दशकात विजेची गिटार प्रथम बाजारात आली ती मांडीवरचीच. ती ॲल्युमिनियमची आणि आकाराने तव्यासारखी होती. आणि माझ्यासारख्याला विसरता न येणारी गोष्ट अशी की, त्याच बेटांवर १९४६ साली उसाच्या मळ्यांतल्या सुमारे २६,००० कामगारांनी ७९ दिवस संप केला. जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज, हवाईयन असे सारे त्यात एकत्र राहिले, आणि तो संप यशस्वी झाला.

आता मुद्द्याकडे येतो. साध्या गिटारीत डाव्या हाताच्या बोटांनी तार पडद्यावर दाबावी लागते. नवख्याची बोटे सोलतात. आखडलेल्या बोटांना तर ते जमतच नाही. या गिटारीत तार दाबायचीच नसते. दांडी तारेवर नुसती टेकवायची. आमच्या संघटनेतल्या एका टर्नरचे डाव्या हाताचे एक बोट वर्षानुवर्षे वाकत नव्हते. त्याच हाताने तो आज दांडी धरतो. कामाने राकट झालेल्या हाताला हे वाद्य सामावून घेते.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. वापरलेली साधी गिटार मिळवावी. डोक्याकडे, खुंट्यांच्या जवळ, जिच्यावरून तारा जातात ती पट्टी असते. तिच्यावर बसणारी धातूची उंच पट्टी वाद्याच्या दुकानात मिळते. ती बसवली की तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि दांडी पडद्यांवर आपटत नाही. दांडी गुळगुळीत पोलादाची, साधारण पाऊण इंच जाडीची व तीन इंच लांबीची असावी. तिचे वजन सुमारे १७० ग्रॅम भरते. लेथवर काम करणारा कोणीही मित्र ती करून देईल. फक्त पॉलिश चोख हवे, नाहीतर तार खरखरते. उजव्या हाताच्या अंगठ्यात व दोन बोटांत नख्या घालाव्यात.

तारा लावताना पुष्कळजण घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. नेहमीच्या जुळणीतल्या सहापैकी दोन तारा तशाच ठेवायच्या आणि चार किंचित सैल करायच्या. काही ताणायचे नसल्यामुळे तार तुटण्याची भीती नाही. पांढरी दोन हा षड्ज धरला, तर जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत क्रम येतो: सा, प, सा, ग, प, सा. शेजारच्या घरी पेटी असेल तर षड्जासाठी पांढरी दोन, पंचमासाठी पांढरी सहा आणि गंधारासाठी काळी तीन दाबून घ्यावी. मग सहाही तारा एकदम छेडा. काहीही न शिकता एक सुरेल स्वरमेळ कानी पडेल. पहिल्याच दिवशी इतका आनंद देणारी वाद्ये थोडी.

आता दांडी. साध्या गिटारीत बोट पडद्याच्या अलीकडे ठेवतात. इथे दांडी पडद्याच्या रेघेच्या बरोबर वर आणि तिला समांतर हवी. पडदे इथे केवळ खुणा आहेत. मोजपट्टी तिरकी पाहिली की माप चुकते, तसेच इथेही होते. म्हणून नजर सरळ वरून टाकावी. बारावा पडदा तारेच्या निम्म्यावर असतो, तिथे वरचा षड्ज. सातव्यावर तारेचा एकतृतीयांश भाग मागे पडतो, तिथे पंचम. पाचव्यावर एकचतुर्थांश, तिथे मध्यम. पहिले आठ दिवस मोकळी तार, पाचवा, सातवा आणि बारावा, एवढ्याच जागा घोटाव्यात. नंतर पहिल्या तारेवर पूर्ण सप्तक: मोकळी तार, मग दोन, चार, पाच, सात, नऊ, अकरा, बारा. दांडीच्या मागची बोटे तारांवर हलकी लोळू द्यावीत, म्हणजे नको ते आवाज दबतात. हात थरथरवून स्वर हलवण्याचा मोह आधी आवरावा. स्वर जागेवर आल्यावरच कंप शोभतो. तोपर्यंत तो बेसूरपणावरचे पांघरूण असतो. रोज वीस मिनिटे पुरेत, पण रोज. आणि तंबोरा चालू ठेवून बसावे, कारण शेवटचा न्याय डोळा देत नाही, कान देतो.

हे परक्यांचे वाद्य, अशी शंका मनात आणू नका. विचित्रवीणा आपल्याकडे तारांवर बट्टा सरकवूनच वाजते. मींड हा आपल्या गायनाचा प्राण आहे, आणि सरकत्या दांडीला मींड शिकवावी लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ताऊ मो हे हवाईयन वादक कलकत्त्यात राहिले आणि तिथे या गिटारची आवड रुजली. व्हॅन शिपले यांच्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघर वाजल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडला. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांनी तिला जादा तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळवले.

आपण कोणी भट्ट किंवा काबरा होणार नाही, आणि व्हायचेही नाही. आयुष्यभर आपल्या हातांनी दुसऱ्याने सांगितलेला माल दुसऱ्याने ठरवलेल्या वेळेत काढला. त्या हातांतून एक स्वर स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या वेळेत निघावा, एवढीच मागणी आहे. ही मागणी कोणत्याही मालकापुढे ठेवायची नाही. ती आपली आपल्यापाशीच मंजूर करून घ्यायची आहे. या सभेतून घरी जाताना एखाद्याने माळ्यावरची धूळ खात पडलेली गिटार खाली काढली, तर माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.