खांबाविना सज्जा

पोळा झाला, की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा येतो. लाकडी बैल घेऊन पोरं रस्त्यानं निघतात आणि ज्यांच्या घराला सज्जा आहे त्यांच्या सज्ज्यात शेजारपाजारच्या बायामुलांची दाटी होते. सगळ्यांच्या नजरा रस्त्यावर असतात. आपल्या पायांखाली काय आहे आणि ते कशाच्या जोरावर टिकून आहे, हा विचार त्या घडीला कोणीच करीत नाही. तो विचार घर बांधतानाच झालेला असावा लागतो. म्हणून आज या सज्ज्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीकडची आपली जुनी घरं म्हणजे मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलू आणि पुढे छपरी. छपरीला खांब असायचेच. आता गावोगाव स्लॅबची घरं उठत आहेत. सिमेंट तर आपल्याच कोरपना तालुक्यात, गडचांदूर-आवारपूरकडे तयार होतं. घरमालक गवंड्याला म्हणतो, "समोर सज्जा काढा; पण खाली खांब नको, अंगणात बंडी वळली पाहिजे." मागणी रास्त आहे आणि ती पुरी करता येते. मात्र खांब काढून टाकला, तरी खांबाचं काम शिल्लक उरतं. ते कोणाला तरी करावं लागतं. ते कोण करतं, हे समजलं म्हणजे अर्धं काम झालं.

जरा जंगलात चला. मोहाची एखादी आडवी फांदी बघा. तिला खालून टेकू नाही, तरी फळापानांचा भार घेऊन ती वर्षानुवर्षे उभी आहे. ती बुंध्याशी जाड असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. आणखी एक गंमत आहे. आपल्याकडच्या रुंद पानांच्या बहुतेक झाडांत फांदीच्या वरच्या अंगाला, ताण सोसणारं वेगळ्या जातीचं लाकूड तयार होतं. फांदी खाली झुकू पाहते तेव्हा वरचं अंग ताणलं जातं आणि खालचं दाबलं जातं. झाडानं आपलं बळ नेमकं वरच्या बाजूला ठेवलं आहे.

सज्जा म्हणजे घराच्या अंगातून निघालेली अशीच एक फांदी. काँक्रीट दाब उत्तम सोसतं. पण ताणापुढे ते दुबळं आहे, दाबाच्या मानानं जेमतेम दहाव्या हिश्शाचं. म्हणून ताण जिथे येतो तिथे लोखंडी सळई घालायची. खोलीचा स्लॅब दोन्हीकडे भिंतींवर टेकलेला असतो. त्याचं पोट खाली येऊ पाहतं, म्हणून मधल्या भागात त्याची मुख्य सळई तळाशी असते. सज्ज्याचं अगदी उलट आहे. त्याची मुख्य सळई वर हवी. खोल्यांचे स्लॅब ओतून ओतून हाताला वळण पडलेलं असतं, आणि त्याच वळणानं कोणी सज्ज्याची सळईही तळाशी टाकली, तर ती असून नसल्यासारखी होते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे शाळेत दाखवता येईल. चिकणमातीच्या दोन सारख्या कांड्या करा, दोन बोटं जाड आणि फूटभर लांब. गाठी मारलेली सुतळी एकीच्या वरच्या अंगात दाबून बसवा, दुसरीच्या खालच्या अंगात. कांड्या जरा आवळल्या, की दोन्ही निम्म्या टेबलाबाहेर काढा, आतल्या निम्म्या भागावर फळी ठेवून दाब द्या आणि बाहेरच्या टोकावर एकेक खडा वाढवीत जा. जिची सुतळी खाली आहे तिला टेबलाच्या कडेशी वरून भेग पडेल आणि ती मान टाकील. दुसरी पुष्कळ वेळ टिकेल. सुतळीच्या गाठी माती धरून ठेवतात, तशाच सळईवरच्या उंच रेघा काँक्रीट धरून ठेवतात. हा धडा मुलं जन्मात विसरणार नाहीत.

वैनगंगेकाठच्या एका गावात मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतो. सज्ज्याची सळई फिटरनं अगदी बरोबर, वरच्या बाजूला बांधली होती. पण ओतकामाच्या दिवशी घमेली घेऊन माणसं त्याच सळयांवरून ये-जा करू लागली. दुपारपर्यंत सळया दबून तळाला टेकल्या. वरून काँक्रीट पडलं, की हा दोष डोळ्याला दिसत नाही. नशीब असं, की फिटर हजर होता. त्यानं काम थांबवलं. सळया पुन्हा उचलल्या, त्यांच्याखाली वाकवलेल्या सळईचे पाय दिले, ज्यांना कामगार चेअर म्हणतात, आणि चालायला वरून फळ्या टाकल्या. मालक अर्ध्या दिवसाच्या मजुरीसाठी कुरकुरला. मला वाटतं, तेवढ्या मजुरीत त्यानं आपल्या घरची माणसं राखली.

आता मापाचं. भरलेली बादली छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण खांदा भरून येतो. सज्जा तीन फुटांऐवजी सहा फूट बाहेर काढला, तर वजन दुप्पट होतं, ते लांबही दुप्पट जातं. म्हणजे भिंतीशी येणारा ताण चौपट होतो. म्हणून तीन फुटांवर समाधान मानावं. आपल्या मानक संहितेचा ढोबळ हिशेब असा, की जेवढं बाहेर काढायचं त्याच्या सातव्या हिश्शाएवढी तरी खोली मुख्य सळईच्या खाली हवी. तीन फुटांना ती पाच इंचांवर येते. सळईवरचं आवरण धरून भिंतीशी सहा इंच जाडी ठेवावी. टोकाशी चार इंच चालेल. ही फांदीचीच रीत झाली.

दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद सज्जा घेतला, तर त्याचं स्वतःचंच वजन साडेआठशे किलोच्या वर जातं. संहितेप्रमाणे दर चौरस मीटरला ३०० किलो धरले, तर माणसांचे आणखी आठशेच्या वर. त्यात टोकावर विटांचा कठडा बांधला, तर पाचशे किलो तरी वाढले, आणि तेही नेमके सर्वांत वाईट जागी. कठडा लोखंडी जाळीचा, हलका करा. उंची मात्र साडेतीन फुटांहून कमी नको.

सज्ज्याची वरची सळई भिंतीशी तोडू नका. ती आतल्या खोलीच्या स्लॅबमध्ये बाहेरच्या लांबीच्या निदान दीडपट जाऊ द्या. तीन फूट बाहेर, तर साडेचार फूट आत. मागचा भार पुढच्याला तोलून धरतो. काँक्रीट ओतल्यावर आपल्या उन्हाळ्यात निदान दहा दिवस पाणी मारा. बल्ल्या चार आठवडे हलवू नका. काढताना बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे काढत या. आतल्या आधी काढल्या, तर सज्जा टोकावर टेकलेला राहतो आणि ताण खालच्या अंगाला येतो, जिथे आपण मुख्य सळई घातलेलीच नाही.

यात मोठे मोठेही चुकले आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात, धबधब्याच्या माथ्यावर फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पज्ञानं १९३० नंतरच्या दशकात एक घर उभारलं. त्याचं नाव फॉलिंगवॉटर. त्याचे सज्जे सुमारे १५ फूट अधांतरी आहेत. अभियंत्यांनी नकाशापेक्षा जास्त सळई घातली, तरी ती कमीच पडली. टेकू काढताच सज्जा झुकला आणि पुढच्या साठेक वर्षांत टोक जवळजवळ सात इंच खाली आलं. अखेर २००२ साली पोलादी तारांचे दोर ताणून तो सावरला.

शेवटची गोष्ट पाण्याची. जीव वरच्या सळईत आहे आणि पाऊसही वरूनच पडतो. म्हणून उतार बाहेरच्या बाजूला द्या, पाणी साचू देऊ नका. भिंतीलगत वरच्या अंगाला लांबट भेग दिसली किंवा गंजाचे डाग उतरले, तर नुसता गिलावा करून झाकू नका. त्याखाली कोणाला उभं राहू देऊ नका, वर कोणाला जाऊ देऊ नका आणि लगेच जाणत्या अभियंत्याला दाखवा. नवा नकाशाही त्याच्याकडूनच करून घ्यावा. जुन्या स्लॅबला नवा सज्जा चिकटवण्याचा मोह तर धरूच नका. तिथे दोन खांब दिलेले बरे. अंगण थोडं अडेल, एवढंच.

आणि ओतकामाच्या दिवशी मालकानं स्वतः हजर राहावं. काँक्रीट पडण्यापूर्वी वाकून एकदा बघावं, सळई वर आहे ना? तान्ह्या पोळ्याला तिथे आपलीच लेकरं उभी राहणार आहेत.