गाडी अडली तरी माल अडू नये
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



आज कर्जावर नाही, माल पोचवण्यावर बोलायचं आहे. आपले गट पापड करतात, मसाला करतात. माल चांगला होतो. पण ऐन ऑर्डरच्या दिवशी पुलावरून पाणी गेलं, गाडीवाल्याचा फोन लागेना, की काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पैसा मालात अडकतो, आणि हप्त्याची तारीख काही थांबत नाही.

जगभर माल नेणाऱ्या मोठ्या कंपन्यांचीही वाट अडते बरं का. त्या काय करतात ते बघू, आणि आपल्या कामाचं तेवढं घेऊ.

आपल्याकडून युरोपला जाण्याची जहाजांची जवळची वाट तांबड्या समुद्रातून, पुढे सुएझ कालव्यातून आहे. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ नावाचं ४०० मीटर लांबीचं जहाज त्या कालव्यात आडवं रुतलं. सहा दिवस वाट बंद! मागे शेकडो जहाजं खोळंबली. पुढे २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. तेव्हा मर्स्कसारख्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. दहा दिवस ते दोन आठवडे जास्त लागू लागले.

आता नीट ऐका. फेरी लांबली, म्हणजे तेवढ्याच जहाजांत दर आठवड्याची फेरी जमेना. मग कंपन्यांनी त्या मार्गावर जादा जहाजं घातली. वाट लांबली तरी वार चुकू द्यायचा नाही, हा त्यातला हिशेब. पण इंधन वाढलं, जहाजं वाढली, त्याचे पैसे कोणी दिले? कंपन्यांनी भाड्यावर जादा आकार लावला. नाशिकची द्राक्षंही जहाजानेच युरोपला जातात. नाशवंत माल, जादा दिवस आणि वर जादा भाडं! म्हणजे दुसरी वाट असते, पण ती फुकट नसते. तिचा खर्च कोणी सोसायचा हे आधी ठरलं नसेल, तर तो लहान माणसाच्या अंगावर येतो.

दुसरी गोष्ट जून २०१७ ची. याच मर्स्क कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचंही काम विस्कळीत झालं. सगळी यंत्रणा ज्या माहितीवर चालायची, तिच्या जगभरातल्या प्रती पुसल्या गेल्या. वाचली फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशात. का? तर तिथली वीज गेली होती, म्हणून ते मशीन बंद होतं! त्या प्रतीच्या आधाराने १० दिवसांत ४५,००० कॉम्प्युटर पुन्हा उभे केले. तोवर माणसांनी हाताने नोंदी करून माल हलता ठेवला. कंपनी नशिबाने वाचली. आपण नशिबावर कशाला राहायचं? पंचसूत्रीत ‘नियमित लेखे’ आहेतच. त्याला एवढंच जोडा, की वहीची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवायची.

मग आपण काय करायचं?

एक, गाडीवाले दोन ठेवा. पुलाची वाट बंद पडली तर कोणत्या वाटेने जायचं आणि भाडं किती, हे उन्हाळ्यातच विचारून ठेवा. अडलेल्या दिवशी भाव सांगणारा तो असतो, आपण नाही.

दोन, टिकणारा कच्चा माल आणि पाकिटं पावसाळ्याआधी थोडी जास्त भरा. थोडीच हं! घर भरून ठेवलं तर पैसा तिथेच बसतो.

तीन, ऑर्डर घेताना लिहून घ्या. पावसाने माल उशिरा पोचला तर किती दिवस चालेल? जादा भाडं कोण देणार? तोंडी ‘बघू नंतर’ म्हणजे नंतर आपणच बघायचं.

चार, उशीर होणार हे कळलं की त्याच तासाला गिऱ्हाइकाला फोन करा. उशीर माफ होतो, गप्प बसणं माफ होत नाही.

पाच, सगळा माल एकाच व्यापाऱ्याला देऊ नका. आठवडी बाजार धरून ठेवा.

कोणी म्हणेल, जादा भाड्याला पैसा कुठून आणायचा? एका गटाला ते जड जातं, खरं आहे. पण दहा गटांनी मिळून ग्रामसंघात थोडी रक्कम ‘अडचणीचं भाडं’ म्हणून बाजूला ठेवली तर जमतं. सगळ्यांचा माल एका गाडीत गेला तर भाडंही वाटलं जातं. मोठी कंपनी जादा जहाज लावते. आपली ताकद एकत्र गाडी लावण्यात आहे.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. आपला माल कुठे कुठे अडू शकतो, ते वहीत लिहा. प्रत्येक ठिकाणासमोर दुसरी वाट आणि जबाबदार सखीचं नाव लिहा. नाव लिहिल्याशिवाय बैठक संपवू नका.