गणिताची वाट अडवूं नका

गुंठ्याचा नि व्याजाचा हिशेब येतो, मग पोरांना कॉलेजांत गणित कशाला, असें पालेगांवांत आम्हांस विचारतात.

तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत डहाणूस १९०५ सालीं जन्मलेले द. रा. कापरेकर १९२९ सालीं बी. एस्सी. झाले नि देवळालीस शाळामास्तर राहिले. सगळे सारखे नसलेले चार आंकडे घ्या. त्यांच्या मोठ्यांत मोठ्या संख्येंतून लहानांत लहान वजा करा. उत्तरावर तेंच करीत जा. शेवटीं ६१७४ येते, हें त्यांनीं दाखविलें.

गुंठा १०८९ चौरस फुटांचा, हा हिशेब. ती वजाबाकी नेहमीं तेथेंच कां थांबते हें शोधणें, तें पदवीचें गणित. आज तें मुख्य वा दुय्यम विषय म्हणून घेतां येतें. आमचें सांगणें एवढेंच: मुलींनाही घेऊं द्या. जमिनीचा पैसा सरतो. विद्या सरत नाहीं.